हक्काचा कागद कोणाच्या कपाटात?

सामाजिक कायद्यांचे मूल्यमापन करताना आपण सहसा दोन प्रश्न विचारतो. कायदा पुरोगामी आहे काय, आणि न्यायाधीशांनी त्याचा अर्थ उदारपणे लावला काय? तिसरा एक प्रश्न मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो. न्यायालयाने दिलेला हुकूम ज्या कागदावर लिहिला गेला, तो कागद ज्या व्यक्तीसाठी लिहिला तिच्या हाती पडतो काय, आणि दहा वर्षांनी गरज भासली तर पुन्हा सापडतो काय? शहरातील सुशिक्षिताला हा प्रश्न कारकुनी वाटेल. डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्या परित्यक्तेला तो तसा वाटणार नाही. पोटगीचा हुकूम, घटस्फोटाचा हुकूमनामा, मुलांच्या ताब्याचा आदेश, एवढीच पुष्कळदा तिची मालमत्ता असते. आणि ही मालमत्ता कोणत्या कपाटात आहे हेच तिला ठाऊक नसते.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. विवाह, पोटगी, मुलांचा ताबा, पतिपत्नींमधील मालमत्तेचे वाद हे सारे एका छताखाली यावेत, तेथे वकिलांचे वर्चस्व नसावे, समेटाचा प्रयत्न आधी व्हावा, असा त्यामागचा हेतू होता. स्त्री-चळवळीने या मागणीसाठी घेतलेले कष्ट मोठे आहेत. परंतु दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांतच असे न्यायालय स्थापणे या कायद्याने राज्य सरकारवर बंधनकारक केले. बाकीच्या भागांचा निर्णय सरकारला आवश्यक वाटण्यावर सोडला. पुण्यात १९८९ साली कौटुंबिक न्यायालय सुरू झाले. पुण्याच्या स्त्रीला घटस्फोटाची याचिका, पोटगीचा अर्ज आणि मुलांचा ताबा या गोष्टी एकाच इमारतीत मागता येतात. तेथे विवाह समुपदेशक असतो, आणि दाव्याचे कागदही एकाच दप्तरात राहतात. दहा लाखांची अट वरकरणी प्रशासकीय दिसते. परिणाम पाहिला तर ती वर्गीय ठरते.

शहराची हद्द ओलांडून दक्षिणेला पन्नासएक किलोमीटरवर भोरला जाऊ. या तालुक्यातील एखाद्या खेड्यात माहेरी परतलेल्या स्त्रीची कल्पना करा. तिचे सासर वरंध घाटाखाली महाडच्या बाजूला आहे. तिने पोटगीसाठी अर्ज केला तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. मारहाणीविरुद्ध तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दुसरा अर्ज केला. दरम्यान नवऱ्याने घटस्फोटाची याचिका दाखल केली ती घाटाखाली, आपल्या जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयात. मुलाच्या पालकत्वाचा वाद १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली गेला, तर तो जिल्हा न्यायालयापुढे. एक संसार मोडला आणि त्याचे कागद चार दप्तरांत, दोन जिल्ह्यांत विखुरले. त्यांना जोडणारा दुवा एकच, त्या स्त्रीची स्मरणशक्ती. आणि तिच्या स्मरणात असतात त्या तारखा, दाव्यांचे क्रमांक नव्हेत.

या विखुरलेपणाची किंमत किती? अर्थशास्त्रात आम्ही वस्तूच्या छापील किमतीबरोबर ती मिळवण्यासाठी बुडालेला रोजही मोजायला शिकवतो. नकलेची फी थोडी असते, पण नकलेसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला किमान दोन खेपा पडतात, एक अर्जाची आणि एक नक्कल घेण्याची. दाव्याचा क्रमांक ठाऊक नसेल तर तो शोधण्याच्या खेपा निराळ्या. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे पडते, लहान मूल कोणाकडे तरी सोपवावे लागते. निवृत्तीनंतर मी अशा काही अर्जांचे मसुदे लिहून दिले आहेत. त्यातून एवढेच सांगतो की पुष्कळ स्त्रिया पोटगी मिळवण्यात हरत नाहीत. मिळालेली पोटगी सिद्ध करण्यात त्या दमतात.

या दमण्याला कायद्याने मुदतही घातली आहे. थकलेली पोटगी वसूल करण्यासाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो; त्यापुढील थकबाकीसाठी वसुलीचे वॉरंट निघत नाही. नवरा कामधंद्यासाठी भिवंडीला किंवा सुरतेला गेला, तर तो असेल तेथील दंडाधिकाऱ्याकडून हुकमाची अंमलबजावणी करून घेता येते, पण त्यासाठी हुकमाची प्रत हाती हवी. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात निर्वाहाच्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर ठेवलेला असेल, तर सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात त्याची नोंद करून घेण्यासाठीही हुकूमनाम्याची नक्कल लागते. ती वेळेवर मिळाली नाही आणि जमीन मध्येच विकली गेली, तर नवा खरेदीदार आपल्याला बोजा ठाऊक नव्हता असे म्हणायला मोकळा होतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका पोटगीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार अर्जदाराने आधीच्या सर्व कार्यवाह्या आणि त्यांतील हुकूम उघड केले पाहिजेत. निर्देश न्याय्यच आहेत. परंतु ज्या स्त्रीला आपले जुने हुकूम कोठे आहेत हेच सांगता येत नाही, तिच्या प्रामाणिकपणावरही त्यामुळे संशय येऊ शकतो.

सरकारी योजनांचे दारही याच कागदाने उघडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या स्त्रीला स्थान आहे. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेनेही घटस्फोटित व परित्यक्ता असे निराळे गट सांगितले. शासनाच्या निर्णयात हे शब्द सुबक दिसतात. कचेरीच्या खिडकीवर मात्र त्यांचा पुरावा मागितला जातो. आणि सर्वांचाच काही न्यायालयात निकाल लागलेला नसतो. २०११ च्या जनगणनेत विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून बरीच अधिक भरली. आपल्या खेड्यांत अजून मुद्रांकावर काडीमोड लिहून घेतली जाते. हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. जातपंचायतीसमोर घेतलेला अंगठा न्यायालयाच्या दप्तरात नसतो, आणि पुढे वाद उठला तर ती बाई पत्नीही ठरत नाही नि घटस्फोटितही ठरत नाही.

आता कोणी म्हणेल, संगणक आल्यावर ही रड कशाला? ई-न्यायालय प्रकल्पाने केलेले काम नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या दाव्याला सोळा अंकी क्रमांक मिळतो आणि तो ठाऊक असेल तर पुढची तारीख घरबसल्या कळते. २०२३ साली केंद्र सरकारने या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. परंतु क्रमांक हरवला की नावावरून शोध घ्यावा लागतो. आणि नाव माहेरचे घातले की सासरचे, रोमन लिपीत ते कोणत्या अक्षरांनी लिहिले, यावर शोधाचे यश अवलंबून राहते. संगणकापूर्वीचे दावे गाठोड्यांत आहेत. त्यांतील काही कागद कायम जतन होतात आणि काही ठराविक वर्षांनी नष्ट करण्याची मुभा १९१७ च्या कायद्यापासून आहे. माहितीच्या अधिकाराचा मार्गही येथे चालत नाही. न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संसाराचे कागद सहज सापडू लागले, तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि भावी सोयरिकींच्या हाती पडणार नाहीत काय? ही भीती खरी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने अशा कार्यवाह्या बंद दाराआड चालवाव्यात आणि त्यांचा वृत्तान्त छापू नये असे म्हटले आहे, ते योग्यच आहे. पण गुप्तता कोणापासून राखायची? तिऱ्हाइतापासून. आज व्यवहारात उलट चालले आहे. गावाला सारे ठाऊक असते आणि कागद सापडत नाही तो फक्त जिचा आहे तिला. आपली मागणी कागद चव्हाट्यावर मांडण्याची नाही. पक्षकाराला त्याचा कागद ओळख पटवून मिळावा, एवढीच आहे.

सरकारला हे जमत नाही असेही नाही. १८३५ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत घातली. त्या मोजणीतून पुढे शेताच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला आणि त्याचा कागद गावोगाव तलाठ्याच्या दप्तरात राहिला. आज तोच सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह घरी बसून काढता येतो. जमिनीचा कागद इतका जपला गेला, कारण राज्यकर्त्यांना सारा वसूल करायचा होता. परित्यक्तेच्या पोटगीतून कोणत्याच सरकारला दमडी मिळायची नव्हती, म्हणून तिच्या कागदाला ना गावचा क्रमांक मिळाला, ना गावचे दप्तर. कोणता कागद गावात राहतो आणि कोणता जिल्ह्याला जातो, यावरून राज्यसंस्था कोणाची आहे हे ओळखता येते.

मग करायचे काय? प्रत्येक तालुक्यात कौटुंबिक न्यायालय हवे, ही मागणी रास्त आहे. ती सोडू नये. पण न्यायाधीश, इमारत आणि समुपदेशक यांची वाट पाहत दहा वर्षे घालवण्याचे कारण नाही. अस्तित्वात असलेल्या कायद्यांतच मोठे हत्यार पडून आहे. पोटगीच्या हुकमाची प्रत तो ज्याच्या बाजूने झाला त्याला विनामूल्य द्यावी, असे फौजदारी संहिता सांगते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २४ मध्येही हेच आहे. हुकूम झाल्यावर न मागता मिळायला हवी ती प्रत घेतल्याशिवाय बाईने आवारातून बाहेर पडू नये, एवढे आपल्या तालुका शाखांनी पाहिले तरी उद्याची निम्मी शोधाशोध वाचेल.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शाखेने आपल्या संपर्कातील स्त्रियांना एक साधी वही करून द्यावी. न्यायालयाचे नाव, दाव्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, सोळा अंकी क्रमांक, निकालाची तारीख, एवढ्या पाच नोंदी. वही त्या स्त्रीपाशीच राहावी. आपल्या कार्यालयात तिची नक्कल ठेवण्याचा मोह टाळावा. तिसरी गोष्ट, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे आणि पोटगी-घटस्फोटाच्या दाव्यांत महाराष्ट्राने १९९४ साली स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केले आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जुन्या कागदांच्या शोधाचे अर्ज एकेकटीने न देता गटाने द्यावेत. दहा अर्ज एकाच दिवशी आले की दप्तर हलते, हा आपला अनुभव आहे.

आणि चौथी, राजकीय मागणी. तालुक्यातील दंडाधिकारी व दिवाणी न्यायालयांतील सर्व कौटुंबिक प्रकरणांची एक जोडसूची असावी. तिच्यात स्त्रीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे देवनागरीत असावीत, ती पक्षकारालाच पाहता यावी, आणि कोणत्याही तालुक्याच्या खिडकीवर अर्ज देऊन दुसऱ्या जिल्ह्यातील हुकमाची प्रमाणित प्रत मिळावी. हे उच्च न्यायालयाच्या प्रशासनाच्या आणि राज्य सरकारच्या अधिकारातले काम आहे. त्यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेर परिसरातून परित्यक्तांच्या प्रश्नाला संघटित वाचा फुटली. तेव्हा समाजाला प्रथम हे पटवावे लागले की टाकून दिलेली बाई हा नशिबाचा विषय नाही, तो हक्काचा आहे. ती लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. हक्क मिळाला, हुकूम झाला, त्यावर शिक्काही उमटला. आता तो शिक्क्याचा कागद भोरच्या बाईच्या ट्रंकेत पोहोचवायचा आहे. हे काम सभेत टाळ्या मिळवणारे नाही. तालुका कचेरीच्या बाकावर बसून करायचे आहे. पण समतेची पुष्कळशी कामे अशाच बाकांवर बसून झाली आहेत.