गंजाडची एक दिवसाची सहल

परदेशी विद्यापीठांतून एका सत्रासाठी मुंबई-पुण्यास आलेले विद्यार्थी नोव्हेंबर सरत आला की परतीच्या तयारीस लागतात. परीक्षा आटोपलेली असते, विमानाला आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि 'जाण्यापूर्वी एक दिवस सर्वांनी मिळून कोठे तरी जाऊ' असा बेत ठरू लागतो. समाजातील ज्या घरांत मुलांचे असे सहाध्यायी येत-जात असतात, तेथे हा बेत घरच्यांच्याच गळ्यात पडतो. बहुधा तो दिवस गेटवे, घारापुरी आणि सायंकाळचा बाजार यांत संपतो. घारापुरी पाहू नये असे कोण म्हणेल? परंतु चार महिने हा देश अभ्यासलेल्या पाहुण्यास निघता निघता त्याच्या अभ्यासाची कसोटी पाहणारे काही दाखवायचे असेल, तर डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव ध्यानात ठेवावे. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. तेथून पुढे पूर्वेकडे, जव्हारच्या दिशेने रस्त्याने जावे लागते.

जिव्या सोमा म्हसे हे येथले. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने पालघट देवी आणि तिच्याभोवतीचा चौक त्या उभा करीत. हा मान पुरुषांचा नव्हता. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांना कागद दिला, तेव्हा म्हसे यांनी लग्नावाचूनही, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढावयास आरंभ केला. शेत, मासे धरण्याचे जाळे, मुंग्यांची वारुळे, तारप्याभोवती फिरणारे नाचणारे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढ्याच भांडवलावर त्यांनी सारा संसार मांडला. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुले आणि गावातील इतर चित्रकार आजही हे काम करतात.

एवढे पाहुण्यास कोणतेही माहितीपत्रक सांगेल. घरच्यांनी सांगावयाचे ते याहून निराळे आहे, आणि व्यापारी घराण्यांनी तर ते टाळूच नये.

ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाने एकेकाळी वारल्याचे आयुष्य गहाण पडत असे. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदार वा सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा आणि त्याच्या पाठोपाठ त्याची बायकोही धनकोच्या घरी राबत. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. व्याज कधी फिटत नसे, हिशेब कधी दाखविला जात नसे. १९४५ साली तलासरी तालुक्यातील झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठबिगार नाकारली आणि लग्नगड्यांची ही दास्यप्रथा मोडून निघाली. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सारा वृत्तान्त लिहिला आहे. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या देवघेवीवर उपजीविका झाली, त्यांनी हे वाचून मान खाली घालावी असे नाही. परंतु खातेवही कोणाच्या हातात होती आणि अंगठा कोणाचा होता, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?

म्हणूनच गंजाडमध्ये दुपारी चित्रे मांडली जातात तेव्हाचा प्रसंग नाजूक असतो. पाहुण्यास आठवण न्यावयाची असते, आणि यजमानाच्या मुलास, आपल्या माणसाची फसवणूक होऊ नये या चांगल्या हेतूने, घासाघीस करण्याची सवय असते. अर्धी किंमत सांगून दोनतृतीयांशावर येण्यात दुकानात कोणाचे बिघडत नाही. पण हाताएवढ्या कापडावर शेकडो आकृती काडीच्या टोकाने उतरवायला किती दिवस गेले, हे आधी विचारावे आणि मग भाव बोलावा. दिवसांचा हिशेब मांडला की पुष्कळदा घासाघिशीचे तोंड आपोआप बंद होते. शक्य असेल तर चित्र काढताना पाहावे. पाहिल्यावर विद्यार्थ्यांना किंमत समजावून सांगावी लागत नाही.

चित्र मोठ्या माणसाने काढले की घरातील मुलीने, हेही विचारावे. चित्रामागे काढणाऱ्याचे नाव आणि गाव लिहून घ्यावे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा, परंतु पडद्यांवर, कपांवर, चादरींवर छापलेल्या नाचणाऱ्या आकृत्या कोणाच्या हातच्या, हे कापड बाजारात कोणी विचारीत नाही. कापडाच्या धंद्यात असलेल्या घरांनी हा प्रश्न आपल्याच पेढीवर विचारून पाहावा. नमुना कोठून आला, त्याचे मोल कोणास पोहोचले. परदेशी पाहुणा हाच प्रश्न सहज विचारतो, आणि तेव्हा यजमानाची थोडी अडचण होते. होऊ द्यावी.

पाड्यावर जाताना आधी निरोप धाडावा. ते लोकांचे राहते घर आहे, प्रदर्शनाचे दालन नव्हे. भाताची झोडणी चालू असेल तर ती थांबवून चित्रे दाखवा असे म्हणू नये. छायाचित्रासाठी परवानगी मागावी. कापडाची घडी घालू नये, घडीच्या रेषेवर रंग उडतो; पुठ्ठ्याची नळी बरोबर न्यावी. चौविहार पाळणाऱ्यांनी डबा उन्हे असतानाच उघडावा, कारण त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि परतीची लोकल चर्चगेटला पोहोचेपर्यंत बरीच रात्र होते.