चिखलदऱ्याला घर बांधण्याआधी रिकाम्या रात्री मोजा



बार्शीटाकळीच्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत एक भाऊ जवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, एक एकर इकतो न चिखलदऱ्याले दोन खोल्यांचं घर बांधतो. कमी पडलं तं लोन काढतो. शनवार-आयतवारी पर्यटकायले भाड्यानं देतो. कसं रायते?"

मी म्हटलं, "भाऊ, एकर सध्या राहू द्या. आधी हिशोब करू." हा प्रश्न आता अकोला, अकोट, मूर्तिजापूर सगळीकडून येतोय, म्हणून तोच हिशोब इथं मांडतो.

चिखलदरा चालतं, यात वाद नाही. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण ते एकच. सुमारे ११०० मीटर उंची, बाजूला मेळघाटचं जंगल, गाविलगड किल्ला, कॉफीचे मळे. पावसाळ्यातल्या शनिवारी तिथं गाड्यांची रांग लागते आणि ती रांग पाहूनच आपल्या डोक्यात घर बांधलं जातं. पण भाऊ, तुम्ही गेला होता शनिवारी. एकदा फेब्रुवारीतल्या मंगळवारी जाऊन या. बंद खोल्या मोजा. तुमचं घरही त्या दिवशी तसंच बंद असणार आहे.

आता आकडे घ्या

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. जमिनीचे पैसे सोडून द्या, फक्त बांधकामाचं २० लाखांचं कर्ज धरा. १० टक्के व्याज, १५ वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे साडेएकवीस हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ५८ हजार.

दोन खोल्या, भाडं रात्रीला २००० रुपये. वर्षात ६० रात्री दोन्ही खोल्या भरल्या तर गल्ला २ लाख ४० हजार. ऐकायला बरं वाटतं. आता खर्च काढा. धुलाई-सफाई खोलीमागे ३०० रुपये, झाले ३६ हजार. ऑनलाइन बुकिंगचं कमिशन १५ टक्के धरलं तर आणखी ३६ हजार. राखणदाराचा पगार ८ हजारांनी ९६ हजार. लाइटबिल, पाणी, इंटरनेट ३० हजार. तिथल्या पावसात भिंतींना ओल धरणारच, म्हणून रंग-डागडुजी २५ हजार. एकूण २ लाख २३ हजार. हातात उरले १७ हजार आणि हप्ता भरायचाय २ लाख ५८ हजारांचा! उरलेले २ लाख ४१ हजार कुठून येणार? सोयाबीनच्या पैशातून. म्हणजे शेत घराला पोसणार, आणि त्या शेतातला एक एकर तर आधीच विकलेला.

मग किती रात्री भरल्या म्हणजे बरोबरी होईल? याच हिशोबानं १४६ रात्री, त्याही दोन्ही खोल्यांच्या. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री असतात १०४. त्या एकूण एक भरल्या तरी ४२ कमी पडतात. आणि रविवारी संध्याकाळी पाहुणा घाट उतरून घरी जातो, हे लक्षात ठेवा. ज्याला आपण "शनिवार-रविवार" म्हणतो त्यात भाड्याची रात्र बऱ्याचदा एकच असते.

या धंद्यात तुम्ही रात्र विकता. आज न विकलेला कांदा उद्या कमी भावात का होईना विकता येतो. आज न विकलेली रात्र सकाळी संपलेली असते.

जमीन आणि किल्ली

एजंट स्कायवॉकचं नाव काढेल, भाव दुप्पट होणार म्हणेल. तुम्ही फक्त सातबारा मागा. चिखलदरा तालुका कोरकू आदिवासींचा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ मध्ये ते आहे. नोटरीच्या कागदावर किंवा "विश्वासावर" असा व्यवहार अजिबात करू नका. जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराचे सध्याचे नियम पाहा. व्याघ्र प्रकल्प जवळ असल्यानं बांधकामाला वन विभागाची काही अट आहे का, तेही आधी लेखी विचारा.

दुसरा प्रश्न किल्लीचा. रात्री साडेदहाला पाहुणा दारात उभा आहे, मोटार बंद पडली आहे, नळाला पाणी नाही आणि तुम्ही बार्शीटाकळीत आहात. मध्ये काही तासांचा रस्ता आणि घाट. त्या वेळी तुमचा धंदा सगळा राखणदाराच्या हातात. पाहुण्यानं रागानं एक स्टार दिला तर तो राखणदाराला मिळत नाही, तुमच्या नावावर चढतो.

मग काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी यजमान व्हायला शिका, मालक नंतर व्हा. आणि ते शिकायला तुमचं स्वतःचं घर पुरतं.

आपला बार्शीटाकळी तालुका काही महाबळेश्वर नाही, हे मान्य. पण महानला काटेपूर्णा धरण आहे, त्याला लागून चौशिंग्यासाठी ओळखलं जाणारं अभयारण्य आहे, हिवाळ्यात पाण्यावर पक्षी येतात. गावात कालिका मातेचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. अकोल्याची माणसं एका दिवसासाठी बाहेर जायला जागा शोधत असतात. त्यांना डिसेंबर-जानेवारीत हुरडा द्या, रोडगे आणि वांग्याची भाजी द्या, रात्री अंगणात खाट टाकून द्या. लग्नसराईत गावातल्याच मंडळींना पाहुण्यांसाठी खोली लागते, तीही तुमची रात्र आहे.

असलेल्या घरातली एक खोली, स्वच्छ संडास-बाथरूम, मच्छरदाणी, इन्व्हर्टर. समजा दीड लाख लागले. १२०० रुपयांनी ४० रात्री गेल्या तर ४८ हजार. खर्च जाऊन ३५ हजार उरले तरी साडेचार वर्षांच्या आत भांडवल सुटतं, जेवणाचे पैसे वेगळे. रक्कम लहान आहे, पण यात हप्ता नाही आणि एकरही गेलेला नाही.

घरात पाहुणा ठेवायचा तर पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी निवास म्हणून नोंदणी करता येते. धंदा घरातल्या ताईंच्या मालकीचा आणि त्यांनीच चालवलेला असेल तर २०२३ च्या "आई" धोरणाची चौकशी करा. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. व्याज आधी आपण भरायचं आणि मग ते परत मिळतं, त्यामुळे हप्त्याची तयारी हवीच.

एक हंगाम असा काढा. त्यातून जमलं आणि तरीही चिखलदरा खुणावत असेल, तर तिथं कुणाचं तरी बंद पडलेलं घर वर्षभर चालवायला घ्या, भरलेल्या रात्रीमागे मालकाला हिस्सा द्या. वर्षाच्या शेवटी तुमच्या वहीत तुमचे आकडे असतील. तेव्हा जमीन घ्यायची की नाही, हे मला विचारायची गरज पडणार नाही.

या आठवड्याचं काम: एक वही घ्या, ३६५ चौकोन आखा. तुमच्या खोलीत कोणत्या रात्री कोण येईल, हे पेन्सिलीनं लिहा. नाव सुचलं नाही तर चौकोन कोरा ठेवा. मग कोरे चौकोन मोजा, आणि तो आकडा घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

ते भाऊ वही घेऊन गेलेत. एकर अजून त्यांच्याच नावावर आहे.