पोलीस चौकीची ‘शाळा’ का झाली? अमेरिकेत बंदूक आणि चाकूच्या नियमांवर शहरांचं का चालत नाही?

न्यू ऑर्लीन्स शहरातला फ्रेंच क्वार्टर हा अमेरिकेतल्या सगळ्यात गजबजलेल्या पर्यटन भागांपैकी एक. इथल्या बर्बन स्ट्रीटवर रात्रभर बार सुरू असतात आणि प्लॅस्टिकच्या ग्लासात दारू घेऊन रस्त्यावर फिरायलाही मुभा आहे. जुलै २०२४ मध्ये या भागातल्या पोलिसांनी एक अजब घोषणा केली. रॉयल स्ट्रीटवरची त्यांची पोलीस चौकी ही आता व्यवसाय प्रशिक्षण देणारी शाळासुद्धा असेल.

पोलिसांना अचानक शाळा काढावीशी का वाटली? कारण त्याच महिन्यात, ४ जुलैला, लुइझियाना राज्यात नवा कायदा लागू झाला होता. १८ वर्षांवरील पात्र व्यक्तीला आता कुठलाही परवाना न काढता कपड्यांखाली पिस्तूल लपवून फिरता येणार होतं. फ्रेंच क्वार्टरला यातून सूट द्यावी, अशी मागणी झाली होती. दारू आणि बंदूक एकाच गल्लीत नको, असं शहराचं म्हणणं होतं. राज्याच्या विधिमंडळाने ते ऐकलं नाही. आणि शहराला स्वतःचा वेगळा नियम करता येत नाही, कारण राज्याच्या कायद्यानेच तो अधिकार काढून घेतलेला आहे.

मग शहराने राज्याच्याच कायद्यात पळवाट शोधली. शाळेपासून १,००० फुटांच्या आत परवान्याविना शस्त्र बाळगता येत नाही, असं राज्याचा कायदा म्हणतो. व्यवसाय प्रशिक्षण देणारी संस्थाही त्यात येते. चौकीत प्रशिक्षणाचे वर्ग होणार म्हणजे ती शाळा झाली, आणि तिच्याभोवती १,००० फुटांचं वर्तुळ काढलं की बर्बन स्ट्रीटचा मोठा भाग त्यात येतो.

ऐकायला ही गोष्ट गमतीशीर वाटते. पण आपल्या रस्त्यावर पिस्तूल चालेल की नाही, एवढं ठरवायला एका मोठ्या शहराला पोलीस चौकीची शाळा करावी लागते. असं का होतं, ते समजून घेऊ.

‘प्रीएम्प्शन’ म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्र आहे, राज्यं आहेत, पण शहरांचा उल्लेखच नाही. शहरं ही राज्यांनी निर्माण केलेली व्यवस्था. राज्य जेवढे अधिकार देईल तेवढेच शहराचे, आणि दिलेले अधिकार राज्य परतही घेऊ शकतं. १८६८ मध्ये आयोवा राज्यातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी हे तत्त्व मांडलं, आणि १९०७ मध्ये पिट्सबर्गच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांचा हा वरचष्मा मान्य केला. पुढे अनेक राज्यांनी शहरांना बऱ्यापैकी स्वायत्तता दिली, पण शेवटचा शब्द बहुतेक वेळा राज्याचाच राहिला.

एखाद्या विषयावर राज्याने ‘या बाबतीत फक्त आमचाच कायदा चालेल’ असं ठरवलं की त्याला प्रीएम्प्शन म्हणतात. मग त्या विषयावरचे महापालिकेचे, काउंटीचे नियम आपोआप बाद होतात. बंदुकांच्या बाबतीत आज ४० हून अधिक राज्यांमध्ये कमी-अधिक प्रमाणात असे कायदे आहेत.

याची सुरुवात कुठून झाली?

१९८१ मध्ये शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या छोट्या गावाने घरात पिस्तूल ठेवण्यावरच बंदी घातली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं गाव. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ गावाने बरोबर उलटा नियम केला. प्रत्येक कुटुंबप्रमुखाकडे बंदूक असलीच पाहिजे, असा. त्यात काही अपवाद ठेवले होते आणि त्याची सक्तीने अंमलबजावणी झाली नाही, पण संदेश पोहोचला.

मॉर्टन ग्रोव्हची बंदी केंद्रीय अपील न्यायालयात टिकली, तेव्हा बंदूकधारकांची बलाढ्य संघटना नॅशनल रायफल असोसिएशन सावध झाली. एकेका गावाशी लढण्यापेक्षा राज्याच्या राजधानीत एकच कायदा करून घेणं सोपं होतं. त्यानंतरच्या वर्षांत एकेक राज्य प्रीएम्प्शनच्या वाटेने गेलं. फ्लोरिडाचा कायदा १९८७ चा आहे.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, २०१० मध्ये तो शहरांनाही लागू केला आणि २०२२ मध्ये घराबाहेर शस्त्र बाळगण्यालाही संरक्षण दिलं. म्हणजे आज शहराच्या डोक्यावर दोन छतं आहेत. एक राज्याच्या कायद्याचं आणि दुसरं राज्यघटनेचं.

नियम केला तर काय होतं?

साधारणपणे नियम बाद होतो, एवढंच. पण काही राज्यं त्याच्या पुढे गेली आहेत.

फ्लोरिडाने २०११ मध्ये आपल्या कायद्याला दात दिले. राज्याच्या विरोधात जाऊन बंदुकीचा नियम करणाऱ्या नगरसेवकाला किंवा महापौराला वैयक्तिक ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड स्वतःच्या खिशातून भरायचा आणि वकिलाचा खर्चही जनतेच्या पैशातून करायचा नाही. गव्हर्नर त्याला पदावरून काढूही शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत गोळीबार होऊन १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर राज्याने बंदूक खरेदीचं किमान वय २१ केलं, पण शहरांचे हात बांधलेलेच राहिले. अनेक शहरं या दंडाविरोधात कोर्टात गेली. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंडाची तरतूद कायम ठेवली.

ॲरिझोनाने शहरांच्या तिजोरीला हात घातला. टूसॉन शहराचे पोलीस जप्त केलेल्या बंदुका नष्ट करत होते. राज्याचा कायदा म्हणतो, नष्ट करायच्या नाहीत, विकायच्या. न ऐकणाऱ्या शहराच्या वाट्याचा महसूल रोखण्याची तरतूद राज्याने २०१६ मध्ये केली, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टूसॉन हरलं.

टेनेसीत थेट मतदारांचा प्रश्न आला. २०२१ पासून तिथे परवान्याविना पिस्तूल बाळगता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेम्फिस शहराने लोकांनाच विचारलं की पिस्तुलासाठी परवाना हवा का? विषय मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून राज्यातल्या नेत्यांनी विक्रीकरातला शहराचा वाटा थांबवण्याचा इशारा दिला. शेवटी कोर्टाच्या आदेशाने मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने ‘हो’ असा कौल आला. तरीही तो कौल कागदावरच राहिला. राज्याने परवानगी दिली तरच नियम लागू होईल, असं त्या प्रस्तावातच लिहावं लागलं होतं.

चाकूचं काय?

बंदुकीची चर्चा जगभर होते. चाकूचे कायदे मात्र गाजावाजा न होता बदलले.

चाकूच्या बाबतीत अमेरिकेत बराच काळ गावागणिक वेगळा नियम होता. पातं किती इंचांचं, ते उघडल्यावर लॉक होतं का, चाकू खिशात आहे की कमरेला, यावरून गुन्हा ठरायचा. सुतार, शेतकरी, शिकारी, मासेमारी करणारे अशा अनेकांच्या गाडीत चाकू असतोच. एका गावात चालणारा चाकू पुढच्या गावात गुन्हा ठरायचा. या तक्रारीतून २०१० मध्ये ॲरिझोनाने चाकूंसाठीही प्रीएम्प्शन आणलं. मग युटा, न्यू हॅम्पशायर, जॉर्जिया अशी राज्यं त्यात आली.

टेक्सासचं उदाहरण बोलकं आहे. जिम बोवी या योद्ध्याच्या नावावरून ‘बोवी नाइफ’ हा मोठा चाकू ओळखला जातो. १८३६ मध्ये टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत तो मारला गेला. पण त्याच टेक्सासने १८७१ पासून बोवी नाइफ घेऊन फिरण्यावर बंदी घातली होती. २०१५ मध्ये राज्याने चाकूंबाबतचे शहरांचे नियम रद्द केले. २०१७ मध्ये आणखी एक कायदा आला आणि प्रौढांना कितीही लांब पात्याचा चाकू बाळगायची मुभा मिळाली. हे विधेयक चर्चेत असतानाच ऑस्टिनच्या विद्यापीठात चाकूहल्ल्यात एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यामुळे साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याचे चाकू शाळा, कॉलेज, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं, बार अशा जागी नेता येणार नाहीत, अशी अट आली. लक्षात घ्या, ही अटही ऑस्टिनने नाही, राज्याने घातली.

पेनसिल्व्हेनियात तर वेगळंच त्रांगडं आहे. तिथे बंदुकीसाठी प्रीएम्प्शन आहे, चाकूसाठी नाही. जानेवारी २०२३ पासून राज्याने बटणचाकूवरची बंदी उठवली. पण फिलाडेल्फिया शहराचा नियम म्हणतो की सार्वजनिक जागी शस्त्र म्हणून वापरता येईल असा चाकू बाळगायचा नाही. कामाचं अवजार प्रत्यक्ष वापरात असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे या शहरात परवाना असलेलं पिस्तूल कमरेला लावून फिरणाऱ्याला शहर अडवू शकत नाही, पण खिशात चाकू घेऊन फिरणाऱ्याला अडवू शकतं.

राज्यांची बाजू काय?

ती अगदीच टाकाऊ नाही. एकट्या पेनसिल्व्हेनियात अडीच हजारांहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. प्रत्येकीने आपला नियम केला, तर सकाळी कामावर निघालेला माणूस तासाभरात चार-पाच वेगवेगळ्या कायद्यांतून जाईल. नकळत नियम मोडला तरी अटक होऊ शकते. शिवाय हा घटनेने दिलेला हक्क असेल, तर तो पिनकोडनुसार का बदलावा, असा प्रश्न समर्थक विचारतात.

शहरांचं उत्तर असं, की डोंगरातल्या वस्तीत पोलीस पोहोचायला तास लागतो, तिथे बंदूक ही गरज असेल. पण लाखोंच्या गर्दीत तीच वस्तू वेगळा धोका ठरते. गोळीबार झाला की रुग्णवाहिका शहराची, पोलीस शहराचे आणि अंत्ययात्राही शहरातूनच निघते. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ मध्ये ११ जण मारले गेले. शहराने २०१९ मध्ये नियम केले, ते कोर्टाने रद्द केले आणि २०२२ मध्ये अपिलातही शहर हरलं. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाचं म्हणणंही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं.

नियम असता तर जीव वाचले असते का?

सोशल मीडियावर हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. कोलोराडोतल्या बोल्डर शहराने २०१८ मध्ये विशिष्ट प्रकारच्या घातक बंदुकांवर बंदी घातली. १२ मार्च २०२१ रोजी कोर्टाने प्रीएम्प्शनचा आधार घेऊन ती अडवली. बरोबर दहा दिवसांनी, २२ मार्चला, त्याच शहरातल्या सुपरमार्केटमध्ये गोळीबार झाला आणि १० जण मेले.

पण हल्लेखोर राहायचा शेजारच्या आर्वाडा शहरात आणि बंदूकही त्याने तिथेच कायदेशीररीत्या घेतली होती. बोल्डरची बंदी लागू असती तरी आर्वाडातलं दुकान बंद झालं नसतं. त्यामुळे कोर्टाच्या निकालामुळेच हे घडलं, असं म्हणता येत नाही. एका शहराचा नियम शेजारच्या शहराच्या वेशीपाशी संपतो, ही त्याची खरी मर्यादा आहे. तरीही कोलोराडोने त्याच वर्षी जूनमध्ये कायदा बदलला आणि शहरांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मोकळीक दिली.

हा फक्त रिपब्लिकन-डेमोक्रॅट वाद आहे का?

बहुतांशी तसा दिसतो. राज्याची सत्ता रिपब्लिकनांकडे आणि मोठी शहरं डेमोक्रॅटांकडे, असं चित्र अनेक ठिकाणी आहे. पण बाजू उलटल्या की तत्त्वंही उलटतात. व्हर्जिनियात डेमोक्रॅटांची सत्ता येताच ग्रामीण काउंट्यांनी ‘बंदूकधारकांचं अभयारण्य’ असे ठराव केले आणि राज्याचे कडक कायदे आम्ही मानणार नाही, असं सांगितलं. ओरेगॉनमधल्या एका काउंटीने असाच नियम केला, तेव्हा २०२३ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. आधार कशाचा? प्रीएम्प्शनचाच. बंदूकधारकांच्या बाजूने वापरलं जाणारं हत्यार इथे त्यांच्यावरच चाललं.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

भारतात शस्त्रं हा विषय केंद्राच्या सूचीत आहे आणि १९५९ चा शस्त्र कायदा देशभर लागू आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू नियमांनुसार शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचे चाकू त्यातून वगळले आहेत. सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस आयुक्त शस्त्रबंदीचा आदेश काढतात, तोही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ ने दिलेल्या अधिकारात आणि मर्यादित काळासाठी. बंदुकीवर महापालिकेने नियम करावा, हा विचारच आपल्याला नवा वाटतो.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा राहणाऱ्या मराठी लोकांसाठी मात्र हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून फिलाडेल्फियातून न्यू जर्सीत गेलं, की पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल परवाना चालत नाही. ट्रेकिंगला घेतलेला घडीचा चाकू एका शहरात वस्तू असतो, दुसरीकडे गुन्हा.

२०२४ पर्यंत २९ राज्यांमध्ये परवान्याविना पिस्तूल बाळगायला मुभा मिळाली आहे. यातल्या प्रत्येक बदलाबरोबर त्या राज्यातल्या शहरांपुढे तोच पेच उभा राहतो: परिणाम भोगायचे आपण, ठरवायचं दुसऱ्याने. निवडणूक आली की उमेदवारांना बंदुकीच्या बाजूने की विरोधात, असं विचारलं जातं. पण मेम्फिसच्या मतदाराने या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहिलं, आणि त्याने काही बदललं नाही. त्याच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे: हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?