पडद्यावरील गांव आणि नकाशावरील गांव

अलीकडे आमच्या तरुण मंडळींत प्रवासाची एक नवीच तऱ्हा रूढ झाली आहे. पूर्वीं लोक देवदर्शनास जात, हवा पालटण्यास जात, फार झालें तर एखादा किल्ला पाहण्यास जात. आतां चित्रपटांत जें ठिकाण दिसलें, तें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्यासाठीं लोक घराबाहेर पडतात. या छंदास हंसणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पंक्तीस बसूं शकत नाहीं, कारण हा छंद आम्हांसही आहे. आणि त्यापायीं जें हातीं लागलें व जें हुकलें, त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

या छंदाची पहिली परीक्षा आमच्या गव्हाणापासून फारसें दूर न जातांच झाली. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा चित्रपट १९९५ च्या ऑक्टोबरांत निघाला आणि मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहांत तो पुढें वर्षानुवर्षें चालला. त्याच्या शेवटीं आगगाडी सुटते, नायक डब्याच्या दाराशीं उभा राहून हात पुढें करतो, व नायिका फलाटावरून धांवत येते; हा प्रसंग ज्यानें पाहिला नाहीं असा वाचक विरळाच. कथेंत तें स्टेशन पंजाबांतलें आहे. प्रत्यक्षांत तें आपल्याच पनवेल तालुक्यांतलें आपटा स्टेशन होय! हें कळलें तेव्हां, शेजारच्या घरीं राजा उतरून गेला आणि आपण मात्र झोंपेंत होतों, असें आम्हांस वाटलें. वैशाखाचे दिवस होते. दोन स्नेह्यांस बरोबर घेऊन आम्ही पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी धरली व सोमाटणें, रसायनी मागें टाकून आपट्यास उतरलों.

उतरलों आणि हिरमुसलों. एक साधें, शांत स्टेशन, दोनचार उतारू, ऊन मी म्हणत होतें. ज्या फलाटावर आमच्या कल्पनेंत वाद्यें वाजत होतीं, तेथें एक बाई भाजीची पाटी उतरवून सांवलींत बसली होती. आमच्यापैकीं एकानें तिला विचारलें, "मावशी, त्या सिनेमाची गाडी कोणत्या फलाटावर उभी होती?" मावशींनीं आमच्याकडे दयेनें पाहिलें. "पुष्कळ येतात बाबा तुमच्यासारखे," त्या म्हणाल्या, "फोटो काढतात आणि जातात. तुम्ही कुठचे?" आम्हीं गव्हाणचें नांव सांगितलें. "म्हणजे विमानतळाकडचे! मग तिथें आधीं काय होतें हो?" आम्ही "शेती, खाडी" असें कांहींसें पुटपुटलों. तेवढ्यांत त्यांची गाडी आली.

परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून आम्ही पाताळगंगेच्या कांठीं गेलों. आणि आमचा खरा लाभ तेथें झाला. वैशाखांत कोंकणांतील बहुतेक नद्या म्हणजे नुसता गोट्यांचा पसारा. ही मात्र वाहत होती. असें कां, याचा उलगडा आमच्याबरोबरच्या शिक्षक स्नेह्यांनीं केला. घाटावर लोणावळ्याकडील तलावांत सांठविलेलें पाणी नळांतून खोपोलीस उतरतें, तेथें वीज निर्माण करतें, आणि काम संपलें कीं या नदींत सोडलें जातें. खोपोलीचें हें टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, व त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. शंभराहून अधिक वर्षें घाटावरचा पावसाळा आपट्यापाशीं उन्हाळ्यांत वाहतो आहे! या नवलासाठीं कोणी तिकीट काढून आल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

दुसरा अनुभव वाईचा. वाई हें गांव हिंदी चित्रपटवाल्यांस इतकें मानवलें आहे कीं त्यानें किती सोंगें घेतलीं याची गणती करणें कठीण. 'गंगाजल' (२००३) मध्यें तें बिहार झालें, 'दबंग' (२०१०) मध्यें उत्तर प्रदेश झालें, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) मध्यें तर थेट तामिळनाडूस जाऊन बसलें. शेजारच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस' (२००४) मध्यें उत्तरेकडील चरणपूर म्हणून दिसतो. कृष्णाकांठच्या त्या पायऱ्यांवर आम्ही पोंचलों तेव्हां नायक बसला होता ती पायरी कोणती, याविषयीं तेथें जमलेल्या मंडळींत कडाक्याचा वाद चालला होता. आम्हीही थोडा वेळ त्यांत भाग घेतला, हें कबूल केलें पाहिजे.

त्या घाटावर, नाना फडणिसांच्या वाड्यामागें, एका लहान देवळींत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील ख्रिस्तमंदिरांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या, त्यांपैकीं ही एक. तिच्या बहिणी भीमाशंकरास आहेत, नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आहेत. जी घंटा वसईच्या ख्रिस्ती लोकांस प्रार्थनेस बोलावीत असे, ती आज कृष्णेच्या तीरावर हिंदु देवतेच्या सेवेंत आहे; आणि पावणेतीनशेंहून अधिक वर्षांत ती वितळवून तोफ ओतावी, असें कोणास सुचलें नाहीं. लढाईंतील लूट ती लूटच, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु तिच्याखालीं उभे राहिल्यावर आमच्या मनांत जे विचार आले, ते पायरीच्या वादांत आले नव्हते. मंडळी घंटेस पाठ करून सेल्फी घेत होतीं.

येथें चित्रपटांवर राग काढण्याचा मोह होतो, पण तो न्याय्य नव्हे. पडदा म्हणजे भूगोलाचें पुस्तक नव्हे; एका गांवाचें दुसरें गांव करणें हा त्याचा धंदाच आहे. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या आपल्या पहिल्या चित्रपटाचें बाहेरील चित्रण कल्याणपलीकडील वांगणी गांवीं केलें. ढालीतलवारी घेतलेली मंडळी पाहून गांवकऱ्यांस हे दरोडेखोरच वाटले आणि पोलिसांनीं त्यांस अडकवून ठेविलें, अशी हकीकत सांगतात. फाळक्यांविषयीं आमचा आदर मोठा आहे. तथापि वाईचें बिहार झालेलें पाहतांना त्या गांवकऱ्यांचा संशय अगदींच वायफळ नव्हता, असें कधीं कधीं वाटतें. लुटून नेलें असेल तर तें गांवाचें नांव.

परदेशांतही हाच प्रकार आहे. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सचें घर पाहण्यास लोक लोटतात. कॉनन डॉइल यांनीं घराचा जो क्रमांक लिहिला, तो त्या काळीं त्या रस्त्यावर नव्हताच. पुढें त्या जागीं आलेल्या एका संस्थेस होम्सच्या नांवें येणाऱ्या पत्रांना उत्तरें देण्यासाठीं निराळा चिटणीस नेमावा लागला! न्यूझीलंडांत मातामाता गांवाजवळ हॉबिट नामक बुटक्यांचें खोटें गांव चित्रपटासाठीं उभारलें होतें. लोकांचा ओढा पाहून नंतर तें पक्कें बांधलें. ज्यांनीं त्यावर पोट भरावें त्यांनीं खुशाल भरावें. आमची तक्रार आम्हां यात्रेकरूंविषयीं आहे. आम्ही मनांत चित्र घेऊन जातों, जागा त्या चित्राशीं ताडून पाहतों, आणि ती कमी भरली कीं जागेलाच नांवें ठेवतों. जागेनें तर आम्हांस कांहींच वचन दिलेलें नसतें.

आणि आमचें गव्हाण? हातांत मोबाईल धरून कोणी रसिक येथें एखादी पायरी शोधीत आलेला आम्हीं पाहिला नाहीं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली. नवी मुंबईसाठीं ज्या गांवांच्या जमिनी गेल्या त्यांत हें एक. जवळच्या जासईस १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं उभे राहिले आणि पांच जण गोळीबारांत हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यांतून आला. त्यानंतर उलव्याची टेकडी विमानतळासाठीं कापून सपाट झाली, नदीचा ओघ वळविला गेला, २०२४ च्या जानेवारींत उरणपर्यंत आगगाडी व समुद्रावरचा अटल सेतु दोन्ही एकाच दिवशीं सुरू झालीं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत विमानतळाचें उद्घाटन झालें. यांतल्या कशासही आम्ही नाक मुरडीत नाहीं. त्या सेतूवरून आम्ही हौसेनें गेलों आहों. परंतु आपट्याच्या मावशींनीं जें विचारलें, त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, ही गोष्ट मनास लागून राहिली. पंजाबचें स्टेशन कोणतें तें आम्हांस ठाऊक होतें. आपल्या उंबऱ्यापुढें काय होतें तें नव्हतें.

म्हणून घरीं आल्यावर आम्ही शेजारच्या आजोबांकडे वही घेऊन बसलों. या वाटेवर आधीं काय होतें, एवढेंच विचारलें. आजोबांनीं डोळे मिटले आणि सांगावयास आरंभ केला: कोणतें शेत कोणाचें, कोणत्या शेताचा भात गोड, कोणत्या खाजणांत भरतीचें पाणी शिरे, बांध फुटला तर कोणीं रात्रीं धांवून जावयाचें, मिठागराची वाट कोठून, जिताडा कोणत्या उघाडीशीं सांपडे. प्रत्येक जागेस नांव होतें. आम्ही लिहीत गेलों. वहीचीं पानें संपलीं, आणि आजोबा अजून खाडीपर्यंत पोंचले नव्हते. दुसऱ्या दिवशीं पुन्हा बसावयाचें ठरलें आहे. तीं नांवें नीट जुळवितां आलीं, तर पुढील अंकांत छापूं.