ब्रेकमधले बांगडीएवढे रबर

नव्या दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाला आता परका राहिलेला नाही. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन २०१३ मध्ये याच रस्त्यावर सुरू झाले आणि गावाकडची पाहुणेमंडळी येथे उतरू लागली. रस्ता रुंद, कडेला झाडे आणि थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल. गाडीचे ब्रेक येथे दिवसभर राबतात, पण त्यांना घाम फुटत नाही.

येथून सुमारे ५० किलोमीटरवर, ग्रेटर नोएडाजवळ, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत तेथे झाली. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ही शर्यत भरली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटेलने ती जिंकली. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारसायकलींची मोटो जीपी शर्यतही येथे झाली. एका फेरीची लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६ आणि मागच्या बाजूला एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. शर्यती नसताना हौशी चालकांनीही आपापल्या गाड्या या ट्रॅकवर पळवल्या आहेत. मद्रासजवळच्या आणि कोइमतूरच्या ट्रॅकवरही अशी हौस भागवली जाते.

हौसेला मोल नसते हे खरे. पण शनिवारी ट्रॅकवर पळालेली गाडीच सोमवारी मुलांना शाळेत सोडायला निघते. शनिवार ते सोमवार या दोन दिवसांत गाडीत काय बिघडले, हे सांगणारा एक लहानसा रबरी भाग चाकाच्या आत बसलेला असतो. त्याला म्हणतात डस्ट बूट. गॅरेजमध्ये त्याला डस्ट कव्हर म्हटले की लगेच कळते.

भात्यासारखी घडी

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक बिडाची तबकडी फिरते. तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, पॅडला ढकलतो आणि पॅड तबकडीला घट्ट धरतात.

या पिस्टनभोवती दोन रबरे असतात. आतले चौकोनी काठाचे सील ऑइल अडवते आणि पाय उचलला की पिस्टनला केसभर मागेही ओढते. बाहेरचे रबर म्हणजे डस्ट बूट. आकाराने बांगडीएवढे आणि हार्मोनियमच्या भात्यासारख्या घडीचे. पिस्टन पुढे आला की ते उलगडते, मागे गेला की मिटते. त्याचे काम एकच, धूळ आणि पाणी पिस्टनपर्यंत पोहोचू न देणे.

हे रबर फाटले म्हणून ब्रेक त्याच दिवशी निकामी होत नाहीत. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र फाटलेल्या जागेतून धूळ शिरते, पावसात रस्त्यावरचे पाणी शिरते, पिस्टनला गंज धरतो. मग एक दिवस पिस्टन पुढे जातो, पण मागे येत नाही. पाय पेडलवरून उचलला तरी त्या चाकाचा ब्रेक लागूनच राहतो. गाडी एका बाजूला ओढू लागते, पेट्रोल जास्त जाते, एका बाजूचे पॅड झिजून संपतात. नेमक्या अडचणीच्या क्षणी जोरात ब्रेक लावावा, तर चारही चाके सारखी थांबत नाहीत.

दोन कप चहा आणि एक पातेले

ट्रॅकवर या रबराचा वैरी धुळीपेक्षा उष्णता हा असतो. ती किती, याचा हिशेब स्वयंपाकघरातल्या मापाने करून पाहावा. माणसांसकट १२०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून सिग्नलला थांबली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर दोन कप चहाचे पाणी उकळेल. तीच गाडी ताशी १५० किलोमीटरवरून थांबवली तर? वेग तिप्पट झाला म्हणून उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. म्हणजे सव्वातीन लिटरचे पातेले. तेही एकदाच नव्हे. प्रत्येक मोठ्या वळणाआधी नवे पातेले, पंधरा-वीस मिनिटे सतत. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो.

अशा वेळी तबकडीचे तापमान ५०० अंश सेल्सिअसपर्यंत आणि त्याच्याही वर जाऊ शकते. ही उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून डस्ट बूटमध्ये येते. बूट बहुधा ई.पी.डी.एम. नावाच्या कृत्रिम रबराचे असते. १५० अंशांच्या आसपास ते बराच काळ तग धरते. त्याहून फार जास्त तापले की आधी कडक होते, मग चिरते आणि शेवटी राखेसारखे गळून पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बूट जळाले याचा अर्थ उष्णता पिस्टनपर्यंत पोहोचली, आणि पिस्टनच्या पाठीमागेच ब्रेक ऑइल असते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. म्हणून जळके बूट दिसले की केवळ रबर बदलून भागत नाही. ऑइलही बदलून घ्यावे.

शर्यतीच्या गाडीची नक्कल नको

खास शर्यतीसाठी बनवलेल्या अनेक कॅलिपरना डस्ट बूट नसतेच. ते पाहून काही उत्साही मंडळी आपल्या गाडीचे बूटही काढून टाकतात. 'नाहीतरी जळणारच आहे,' असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण शर्यतीच्या गाडीचे कॅलिपर वरचेवर उघडले जातात, पुसले जातात, त्यांची सीले बदलली जातात. ती गाडी पावसात भाजी आणायला जात नाही. आपली गाडी जाते. जिला पुन्हा रस्त्यावर उतरायचे आहे, तिचे बूट काढणे म्हणजे पावसाळ्यात घराचे दार उघडे टाकून गावाला जाण्यासारखे आहे.

मग बूट वाचवायचे कसे? पुढील पथ्ये पाळली तर बरेच काम होते.

ट्रॅकवर जाताना पॅड जाड असावेत. पॅड हीच तबकडी आणि पिस्टन यांच्यामधली आडभिंत. पॅड झिजले की भिंत पातळ होते, शिवाय पिस्टन जास्त बाहेर येतो आणि बूट ताणले जाऊन तापलेल्या तबकडीच्या जवळ जाते. निम्म्याहून अधिक झिजलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नयेत.

सलग फेऱ्या मारू नयेत. तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारावी आणि बाहेर येण्यापूर्वीची फेरी तर ब्रेकला शक्य तितका कमी हात लावून पुरी करावी. तबकडी वाऱ्यानेच निवते. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, उलट साठलेली उष्णता आत झिरपत राहते. पुष्कळ बुटे ट्रॅकवर न जळता, गाडी घाईने आणून उभी केल्यावर जळतात.

गाडी उभी केल्यावर पेडलवर पाय ठेवून बसू नये आणि हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावावा. तापलेल्या तबकडीवर पाणी तर मुळीच ओतू नये, ती वाकडी होण्याची किंवा तडकण्याची भीती असते.

वारंवार ट्रॅकवर जाणाऱ्यांनी सिलिकोन रबराची बुटे मिळतात का ते पाहावे. ती २०० अंशांपुढेही टिकतात. पॅडच्या पाठीशी टायटॅनियमची पातळ पत्री घालण्याचीही पद्धत आहे. हा धातू पोलादापेक्षा उष्णता बराच कमी वाहून नेतो.

रॉकेलचा बोळा

ट्रॅकचे तोंडही न पाहिलेल्या गाड्यांची बुटे मात्र वेगळ्याच कारणांनी जातात. त्यातले मोठे कारण म्हणजे रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा. हे रबर ब्रेक ऑइलला दाद देत नाही, पण रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागले की फुगते आणि मऊ पडते. कॅलिपर ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावा आणि रबरासाठी ब्रेकचेच खास ग्रीस वापरावे.

दुसरे कारण स्क्रू ड्रायव्हर. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. घाईत तो स्क्रू ड्रायव्हरने रेटला की टोक बुटात घुसते. त्यासाठी क्लॅम्प वापरावा, आधी पिस्टनचा उघडा भाग पुसून घ्यावा आणि बुटाची घडी नीट मिटते आहे ना ते पाहावे.

दर सर्व्हिसिंगला चाक काढले की बुटाकडे एकदा टॉर्च मारून बघा, असे मेकॅनिकला सांगावे. चीर, कडकपणा, खाचेतून सुटलेला काठ, यांपैकी काही दिसले तर बदल करावा. ओल दिसली तर आतले सील गळते आहे असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नये. दिल्लीत काश्मिरी गेटच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या बाजारात सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. सील आणि बूट बहुधा एकत्र, कॅलिपर किट म्हणून मिळते. एका बाजूचे गेले तरी दोन्ही बाजूंचे बदलावे. काम सांगताना कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो त्यांची रबरेही तपासून घ्यावीत.

ज्यांना ट्रॅकशी काही देणेघेणे नाही, त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना गाडी ५०० मीटर खाली आली आणि सारा भार ब्रेकवर टाकला, तर होणारी उष्णता अठरा लिटर पाणी उकळायला पुरेल. म्हणजे मोठी बादली भरून. हा भार इंजिनाने वाहावा म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. पायथ्याशी चहाला थांबण्याआधी दोन किलोमीटर सपाट रस्त्यावर सावकाश गाडी चालवावी. थांबल्यावर एखाद्या चाकाजवळ जळका वास येत असेल किंवा हात नुसता जवळ नेला तरी त्याची धग इतर चाकांहून जास्त लागत असेल, तर तो पिस्टन अडकत असावा असे समजून पुढच्या गावी तपासणी करून घ्यावी.

घाटातल्या पाट्यांवर 'अति घाई संकटात नेई' असे लिहिलेले असते. ट्रॅकवर वेग असायचाच, त्यासाठीच तो असतो. ही पाटी तेथे लावायची तर बाहेर पडण्याच्या फाटकापाशी लावावी. शेवटची सावकाश फेरी मारायला तीन-चार मिनिटे पुरतात. सोमवारी मागच्या आसनावर दप्तरे घेऊन बसणाऱ्यांसाठी तेवढा वेळ काढायला हरकत नसावी.