प्रमाणपत्राचा जमाखर्च

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री अभ्यासक्रमाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे; दोन वर्षांची बुडालेली मजुरीही त्यात धरली पाहिजे. शेतमजुराचे कुटुंब ती पोटाला चिमटा घेऊन सोसते. पुढे कारखान्यात उमेदवारी. तेथे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ सांगते की, यंत्रावर राबणारा हा तरुण कामगारच नव्हे! उमेदवारीनंतर नोकरी द्यावी की नाही, हे ठरविण्याचे धोरण २०१४ च्या दुरुस्तीने मालकाच्याच हाती ठेवले. कौशल्याचा खर्च गरिबाचा, नफा मात्र भांडवलदाराचा! ‘कौशल्य नाही म्हणून बेकारी’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. उमेदवारीत किमान वेतन व त्यानंतर नोकरीची कायदेशीर हमी, यांसाठी कामगार संघटनांनी लढले पाहिजे.