भाऊबंदकी

वाड्याच्या वाटणीचे कागद घेऊन काल धाकटा भाऊ आला. शनिवारवाड्याच्या गावात भाऊबंदकीचे नवल ते काय! नारायणरावांचा खून झाला तो इथेच, १७७३ साली. पण आफ्रिकेतले सिंह पाहा! वयात येताच कळपाबाहेर पडलेले नर, बहुधा सख्खे-चुलत भाऊ, एकजुटीने मुलूख मिळवतात नि राखतात. एकजूट मोडली, की परके नर चाल करून येतात. पुष्कळदा बछडीही मारतात. आपला वाघ मात्र एकटा! टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली हद्द शोधीत १३०० किलोमीटरांहून अधिक चालला नि ज्ञानगंगेला पोचला.

कागद बाजूला सारून मी म्हटले, "वाटणी खोल्यांची होऊ दे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा बंब मात्र एकच!"